सरासरी आणि आमचे वावर

बी. ए. ला अर्थशास्त्र घेतले तेव्हा त्याच्या पोटात सांख्यिकी दडलेली असते हे ठाऊक नव्हते. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेली आमची मंडळी मध्य, मध्यगा, बहुलक ही नावे ऐकून एकमेकांची तोंडे पाहू लागली. सरासरी मात्र सर्वांना चटकन कळली. बेरीज करा, संख्येने भागा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. पुढे प्रमाण विचलनाचे प्रकरण लागले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे आता काऊन शिकाचं? सरासरी त निंघाली ना!" वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब द्यावा म्हणून हा लेख.

आमचे वावर नाल्याच्या काठाला आहे. चांदूर रेल्वे तालुक्यातली जमीन कशी असते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. धुऱ्याच्या अलीकडे काळी भारी, तर पलीकडे मुरमाड बरड. आणि पाऊस असा की गावाच्या एका अंगाला धो धो, दुसऱ्या अंगाला धूळ. काही वर्षांपूर्वीच्या एका खरिपात नाल्याचे पाणी तीन दिवस आमच्या पऱ्हाटीत उभे राहिले. झाडे लाल पडून वाळली. पिकाचा विमा उतरलेला होता. नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवावे असा नियम. परंतु नेमके त्या ७२ तासांत गावात वीज नव्हती आणि बाहेर पडायला रस्ता नव्हता. मग आशा राहिली ती मंडळाच्या सरासरीची. ती चांगली निघाली. उंचावरच्या वावरांत त्या वर्षी कापूस उत्तम झाला होता, त्यात खोटे काहीच नव्हते. बाबा म्हणाले, "लोकायच्या वावरात पिकलं म्हणून आपल्याही वावरात पिकलं, असं हाये का रे हे?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर त्या प्रकरणात होते ज्याला आम्ही हसलो.

समजा, दोन गावांतून पाच-पाच शेतकरी घेतले. पहिल्या गावात एकरी कापूस ५, ६, ६, ६, ७ क्विंटल. दुसऱ्यात १, २, ६, ९, १२. दोन्हींची बेरीज ३०, सरासरी ६. मध्यगा काढा, तीही ६. कागदावर ही दोन गावे जुळी भावंडे झाली. आता दुसऱ्या गावात प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर पाहा : वजा ५, वजा ४, शून्य, अधिक ३, अधिक ६. यांची बेरीज शून्य. सरांनी फळ्यावर ते शून्य मांडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा नाल्याकाठचा तुकडा आला. एकाची तूट दुसऱ्याच्या बरकतीने फिटली. पण बरकत काही धुरा ओलांडून आली नाही! म्हणूनच अंतरांचा वर्ग करतात. वजाचे चिन्ह जाते, तूट आणि बरकत एकमेकींना खाऊ शकत नाहीत, आणि मोठे अंतर अधिकच मोठे होऊन दिसते. दुसऱ्या गावाच्या वर्गांची बेरीज ८६. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे ४.१ येते. पहिल्या गावाचे येते ०.६. जुळी भावंडे कुठल्या कुठे गेली.

सरासरीवर विमा ही कल्पना कोणा दुष्टाने काढलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये तिचा हिरिरीने पुरस्कार केला. लाखो वावरे एकेक करून कोण तपासणार? शिवाय भरपाई मिळणारच म्हटल्यावर डवरणी-निंदणीत कोणी हयगय केली तर? म्हणून क्षेत्राची सरासरी धरा, असे त्यांचे म्हणणे. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना त्याच पायावर उभी राहिली आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाही. परंतु दांडेकरांची एक अट होती. क्षेत्र एकजिनसी हवे. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची पिके साधारण एकाच वेळी बुडावीत आणि एकाच वेळी तरावीत. सांख्यिकीच्या भाषेत, क्षेत्राच्या आतले विचलन लहान हवे. माझ्या मते आपण त्यांची सरासरी घेतली आणि अट पुण्यातच ठेवली. २०२५ च्या खरिपात तर आपल्या राज्यात ७२ तासांची ती वैयक्तिक वाटही बंद झाली आणि सारा भार पीक कापणी प्रयोगांवर आला.

हे प्रयोग यादृच्छिक निवडीने करण्याची पद्धत बसवण्यात मोठा वाटा आहे तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांचा. याच सुखात्म्यांचा पुढे दांडेकरांशी मोठा वाद झाला, तोही सरासरीवरूनच. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० उष्मांक धरून दारिद्र्याची रेषा काढली. सुखात्मे म्हणाले, ही सरासरी गरज झाली. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची रोज वेगळी असते. सरासरीच्या खाली आला तो उपाशी असे कसे म्हणता? रेषा प्रमाण विचलनाच्या दुपटीने खाली घ्या. दांडेकरांना ते मुळीच मान्य नव्हते. हे वाचल्यावर मी जरा वरमलो. कारण तोवर मला वाटत होते की विचलन नेहमी गरिबाच्या बाजूने बोलते. इथे तर त्याच्या आधाराने कागदावरची उपाशी माणसे कमी होत होती! या वादात माझा कौल दांडेकरांना, विम्यात मात्र त्यांच्या विसरलेल्या अटीला.

माझे मागणे फार नाही. महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग होतात. म्हणजे दहा आकडे हाती असतातच. त्यांची सरासरी जिथे लावता, तिथेच शेजारी त्यांचे प्रमाण विचलनही लावा. ते मोठे आले तर ते मंडळ एकजिनसी नाही. त्याचे नाल्याकाठचे आणि उंचावरचे असे भाग करून वेगळे प्रयोग घ्या. खर्च वाढेल, मान्य. पण आज हा खर्च सरकार करत नाही म्हणून तो वाचतो असे थोडेच आहे? तो १ आणि २ क्विंटलवाले करतात.

दिवाळीच्या सुटीत बाबांच्या जुन्या वहीतून आमच्या वावराचे सात वर्षांचे आकडे काढले आणि दोन्ही उत्तरे त्यांना वाचून दाखवली. पहिले त्यांनी ऐकल्या न ऐकल्यासारखे केले. दुसऱ्याचा अर्थ दोनदा विचारला. मग म्हणाले, "वरच्या वावरवाल्यायच्याही वह्या आन. त्यायचा आकडा काय येते ते पाहू." दोघांनी द्यायचे कबूल केले आहे. तिसरा म्हणतो, वही घरात आहे, पण उंदरांनी खाल्ली.