'कॉम्पेन्सेशन'चा अर्थ पाठ झाला, पण वाक्याचं काय?



'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी लहानपणी सोडवलाय, आणि आता तोच प्रश्न आपण मुलांना देतो. इंग्रजीतलं एखादं भारदस्त नाम आलं की मुलांकडे हुकमी उत्तर तयार असतं : 'धिस इज अ कॉम्पेन्सेशन.' नाहीतर 'आय लाइक कॉम्पेन्सेशन.' शब्द आला, वाक्य झालं, मार्क मिळाला.

माझं मत स्पष्ट आहे. अशा वाक्यांना मार्क देणं आपण बंद करायला हवं. त्या वाक्यातून 'कॉम्पेन्सेशन' काढून 'मँगो' ठेवलं तरी वाक्य तसंच उभं राहतं. मग मुलाला शब्द कळला की नाही, हे आपल्याला कसं समजणार?

हाच शब्द का घेतला, तर आपल्या नवी मुंबईत तो पुस्तकातला शब्द नाही, घराघरातला आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचं ठरलं. जमिनी गेल्या, त्यांचा मोबदला किती आणि कसा, यावरून लढे झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आजही गावात 'आमचा साडेबारा निघाला का?' असं विचारतात, तेव्हा विषय याच शब्दाचा असतो.

एक गंमत बघा. जमिनी ज्या जुन्या कायद्याखाली घेतल्या गेल्या, त्या १८९४ च्या कायद्याचं इंग्रजी नाव होतं 'लँड ॲक्विझिशन ॲक्ट'. नावात फक्त 'जमीन घेणं' आहे. त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या लांबलचक नावाची सुरुवातच 'राइट टू फेअर कॉम्पेन्सेशन' अशी आहे, म्हणजे वाजवी भरपाईचा हक्क. 'ॲक्विझिशन' हा शब्द त्यानंतर येतो. एका नामाची जागा नावात कुठे आहे, यावरूनही बरंच काही कळतं.

आता वर्गात हा शब्द शिकवायचा कसा?

पहिली गोष्ट, मराठी आधी. 'कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाई' एवढं सांगून पुढे जाऊ नका. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. जमीन गेली तर मोबदला, पिकाचं किंवा घराचं नुकसान झालं तर नुकसानभरपाई. इंग्रजीत दोन्हीकडे 'कॉम्पेन्सेशन' चालतं. पण बाजारात भाजी घेतली तर तिची 'प्राइस' द्यायची, 'कॉम्पेन्सेशन' नाही. कुणाचं तरी काहीतरी गेलं, म्हणून त्याला दिलं, हा अर्थ मुलांच्या मनात आधी बसू दे.

दुसरी गोष्ट, चार प्रश्न. कोणी दिलं? कोणाला दिलं? कशाबद्दल दिलं? किती दिलं? या चार प्रश्नांची उत्तरं असलेलं वाक्य मुलांनी आधी मराठीत करावं : 'सरकारने शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीबद्दल पाच लाख रुपयांचा मोबदला दिला.' मग इंग्रजीत : 'द गव्हर्नमेंट पेड कॉम्पेन्सेशन ऑफ फाइव्ह लाख रुपीज टू द फार्मर्स फॉर देअर लँड.'

फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि जोड्या लावा. 'शेतकऱ्यांना' मधला 'ना' म्हणजे 'टू'. 'बद्दल' म्हणजे 'फॉर'. रकमेचा 'चा' म्हणजे 'ऑफ'. मराठीत जे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, ते इंग्रजीत हे छोटे शब्द नामाच्या आगेमागे उभे राहून करतात. मुलांना हे दिसलं की निम्मी भीती जाते.

खरी अडचण इथेच आहे. आपण बोलताना 'जमिनीचा मोबदला' म्हणतो आणि 'पाच लाखांचा मोबदला' पण म्हणतो. दोन्हीकडे 'चा'. म्हणून मूल बेधडक 'कॉम्पेन्सेशन ऑफ लँड' लिहितं. इंग्रजीत मात्र रकमेला 'ऑफ' आणि जे गेलं त्याला 'फॉर'. ही चूक मुलाच्या हुशारीची नाही, ती मराठीतून येते, आणि मराठी दाखवूनच ती सुटते. 'ऑफ चूक, फॉर बरोबर' असं नुसतं पाठ करून घेतलं तर परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

तिसरी गोष्ट, सोबतचं क्रियापद. मराठीत मोबदला देतात, घेतात, मागतात. इंग्रजीत 'पे', 'रिसीव्ह', 'क्लेम' ही क्रियापदं या नामासोबत शोभतात. 'डिड कॉम्पेन्सेशन' होत नाही. आणि पाणी, दूध यांच्यासारखंच हे नाम सहसा मोजत नाहीत, म्हणून नुसत्या 'कॉम्पेन्सेशन'च्या आधी 'अ' लावायची सवय नको. 'इन्फॉर्मेशन' आणि 'ॲडव्हाइस' ही याच घरातली भावंडं. 'इन्फॉर्मेशन्स' लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, तेव्हा तिघांना एकत्रच शिकवलेलं बरं.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या पालकांना वाटेल, आमच्याकडे तर पगारालाच 'कॉम्पेन्सेशन' म्हणतात. बरोबर आहे, तोही अर्थ आहे. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या आजोबांसाठी हा शब्द म्हणजे गेलेली जमीन आणि दुसऱ्याच्या आईसाठी महिन्याचा पगार. म्हणूनच तर शब्दार्थाच्या वहीतला एकच अर्थ पुरत नाही. अर्थ ठरतो तो वाक्यात.

काहीजण म्हणतील, प्राथमिकच्या मुलांना एवढं कशाला? हा शब्द अभ्यासक्रमात तरी आहे का? तिसरी-चौथीला हा शब्द नकोच. तिथे 'परमिशन' घ्या. कोणाकडून? कोणाला? कशासाठी? 'वी गॉट परमिशन फ्रॉम द हेडमास्टर फॉर द पिकनिक.' पद्धत तीच, ओझं कमी. 'कॉम्पेन्सेशन' सहावी-सातवीला घ्या. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला चार प्रश्नांचं एक वाक्य जमायला हवं, ही अपेक्षा जास्त नाही.

एक काळजी मात्र घ्या. तुमच्या घरी किती मोबदला मिळाला, असं वर्गात कुणालाही विचारू नका. अनेक घरांत या पैशावरून भाऊबंदकी झालेली असते. उदाहरणं बाहेरची घ्या : गाईने शेजाऱ्याचं पीक खाल्लं, ट्रकने कुंपण तोडलं, पुरात घराची भिंत पडली.

आणि हे सगळं फक्त मार्कांसाठी नाही. सरकारी नोटिशीत किंवा बिल्डरच्या करारात एक छोटंसं इंग्रजी वाक्य असतं : 'कॉम्पेन्सेशन विल बी पेड.' वाचायला छान वाटतं. पण आपले चार प्रश्न लावून बघा. कोण देणार? लिहिलेलं नाही. कोणाला? नाही. कशाबद्दल? नाही. किती? तेही नाही. ज्या मुलाला 'धिस इज अ कॉम्पेन्सेशन' वर मार्क मिळाला, त्याला या वाक्यात काही कमी आहे असं वाटणारच नाही. ज्याने चार प्रश्न शिकलेत, तो ते वाक्य आई-वडिलांना वाचून दाखवताना थांबेल आणि म्हणेल, 'बाबा, यात रक्कमच लिहिलेली नाही. सही करायच्या आधी विचारा.'

पालकांना विनंती, आज मुलाची इंग्रजीची वही उघडा. 'वाक्यात उपयोग'मधलं कुठलंही एक वाक्य घ्या आणि त्या शब्दाच्या जागी 'मँगो' ठेवून वाचा. वाक्य तरीही बरोबर वाटलं, तर त्याच्याकडून ते पुन्हा करून घ्या.