आकाशातील शिस्त जमिनीवर केव्हा उतरणार?

आकाशाकडे डोळे लावून बसणे ही यवतमाळ जिल्ह्यातील माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मृगात ढग यावेत म्हणून तो वर पाहतो आणि बोंडे फुटू लागली म्हणजे तेच ढग येऊ नयेत म्हणून पुन्हा वरच पाहतो. आकाश आपल्या इच्छेने चालत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हाच माणूस वायुसेनेच्या कसरती पाहण्यासाठी मुलाबाळांसह नागपूरला निघाला, म्हणजे हे जन्मजात शहाणपण तो घरी ठेवून जातो. आणि त्याहून खेदाची गोष्ट ही की, त्याला बोलावणारी व्यवस्थाही ते बरोबर घेत नाही. आज या विषयासाठी आम्ही पहिल्या पानावरील जागा खर्च करीत आहोत, त्याचे कारण हेच आहे.

हवाई दल दिन ८ ऑक्टोबरला येतो आणि तेथून हिवाळा संपेपर्यंत देशात ठिकठिकाणी विमानांची प्रात्यक्षिके होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेनानगरात असा सोहळा झाला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर झाला. ‘सूर्यकिरण’ पथकाची लाल-पांढरी हॉक विमाने, ‘सारंग’ची हेलिकॉप्टरे, ‘आकाशगंगा’चे छत्रीधारी सैनिक ही नावे आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. आम्हांस या प्रदर्शनांचे कौतुकच आहे. पांढरकवड्याच्या वा पुसदच्या एखाद्या मुलाने एकमेकांपासून जेमतेम पाच मीटरवर उडणारी नऊ विमाने एकदा पाहिली, तर संयम, सराव आणि परस्परविश्वास या शब्दांचा जो अर्थ त्याला उमगेल, तो पाठ्यपुस्तकातील दहा धड्यांनी उमगणार नाही.

परंतु अशा प्रदर्शनाहून परतलेल्या प्रेक्षकास, विशेषतः हवा बिघडलेल्या दिवशी परतलेल्यास, काय पाहिले म्हणून विचारावे. तो सांगेल की पहाटे निघालो, दीडशे किलोमीटरचा प्रवास केला, वाहन दूर ठेवून पायपीट केली, उघड्या मैदानात चार तास बसलो. मग ढग दाटले, छत्रीधारी सैनिकांचा कार्यक्रम होणार नसल्याचे कळले, विमाने आली ती सरळ येऊन सरळ निघून गेली, आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर सारे मैदान एकाच वाटेने बाहेर धावले. त्याच्या बोलण्यात विमानांपेक्षा चिखल अधिक असतो. आणि शेवटी एक तक्रार हमखास येते: “एवढ्याशा ढगांना वैमानिक घाबरले!”

ही तक्रार अन्यायाची आहे. पण ती अज्ञानातून येते, आणि अज्ञान दूर करणे हे वृत्तपत्राचे कामच आहे. कसरतीचे विमान उभे वर्तुळ घेते तेव्हा त्याला वर हजारो फुटांची मोकळी जागा लागते. ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकाचा परिपाठ या बाबतीत बोलका आहे. ढगांचा तळ साडेचार हजार फुटांच्या वर असेल तरच उभ्या वर्तुळांसह पूर्ण कार्यक्रम. तो अडीच हजार फुटांपर्यंत खाली आला असेल तर केवळ गिरक्या. त्याहूनही खाली असेल तर सपाट उड्डाणे आणि वळणे. म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या तीन आवृत्त्या आधीच तयार असतात आणि कोणती दाखवावयाची हे आकाश ठरवते. ढगात शिरलेल्या वैमानिकास क्षितिज दिसत नाही, शेजारचे विमानही दिसेनासे होते. छत्रीधारी सैनिकाला तर वारा कोठे नेऊन टाकील याचा भरवसा नसतो. तेव्हा ढग पाहून कार्यक्रम आवरणारा वैमानिक भित्रा नसतो. तो त्या मैदानावरील सर्वांत जबाबदार मनुष्य असतो.

ही शिस्त फार महाग किंमत देऊन मिळालेली आहे. सप्टेंबर १९५२ मध्ये इंग्लंडातील फार्नबरो येथे एक विमान हवेतच फुटून प्रेक्षकांत कोसळले. विमानातील दोघे आणि २९ प्रेक्षक मरण पावले. ऑगस्ट १९८८ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथे ७० जणांचा बळी गेला. जुलै २००२ मध्ये युक्रेनमधील लव्हिव्हजवळ ७७ जण प्राणास मुकले. या अपघातांचा दोष हवामानाकडे नव्हता. परंतु फार्नबरो व रामस्टाइननंतर विमान आणि प्रेक्षक यांच्यातील अंतराचे नियम कडक होत गेले, गर्दीच्या डोक्यावरून कसरती करण्यास बंधने आली. आकाशाने चुका केल्या, त्यांची नोंद ठेवली आणि त्यांतून नियम केले.

भूमीने काय केले? ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ७२ विमानांचे भव्य प्रदर्शन झाले. सुमारे पंधरा लाख लोक जमल्याचे सांगण्यात आले. आकाशात सारे यथासांग पार पडले. एकाही विमानाला ओरखडा उमटला नाही. आणि खाली, भर उन्हात, पाच प्रेक्षक मरण पावले. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. कार्यक्रम संपताच लक्षावधी माणसे एकाच वेळी रस्त्यांवर आणि रेल्वे स्थानकांवर लोटली. प्रेक्षकांनी पाणी व छत्र्या बरोबर आणाव्यात अशी सूचना होती, असे मागाहून सांगण्यात आले. सूचना असेल, परंतु ज्या गर्दीत हात वर काढणे कठीण, तेथे छत्री उघडावी कोठे, हा प्रश्न कोणी विचारला होता काय? वैमानिकाचे आसन, त्याचा प्राणवायू, त्याचे इंधन यांचा हिशेब थेंबाथेंबाने होतो; त्याच्यासाठी टाळ्या वाजविणाऱ्याच्या घोटभर पाण्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. आमचा आक्षेप नेमका या विषमतेवर आहे.

आपल्या भागात तर धोका केवळ उन्हाचा नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट हे वऱ्हाडात नवे नाही. वीज पडून शेतात माणूस गेल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी छापतो. उघडे मैदान, त्यात उभी हजारो माणसे आणि माथ्यावर गडगडणारा ढग, याहून भयंकर योग कोणता असू शकेल? आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, हे शाळेत शिकविले जाते. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आतच आहे असे समजून पक्क्या इमारतीत वा बंद वाहनात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये, हा साधा नियम आहे. झाडाखाली वा मंडपाखाली उभे राहणे म्हणजे संरक्षण नव्हे. नागपूरला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, पुण्याच्या संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप केले आहे. साधने हाताशी आहेत. उणीव आहे ती त्यांचा निर्णयाशी सांधा जोडण्याची.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. प्रदर्शनाची घोषणा करतानाच राखीव दिवस जाहीर व्हावा आणि हवा बिघडल्यास कार्यक्रम छोटा होईल वा रद्द होईल, हे ठळकपणे सांगितले जावे. मैदानात किती माणसे मावतात ते मोजून तेवढ्याच प्रवेशिका द्याव्यात. पाणी, सावली व प्रथमोपचार यांची सोय पाहुण्यांच्या शामियान्यापुरती न राहता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी. हवाई भागाचा कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार जसा एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असतो, तसाच जमिनीवरील गर्दी वेळीच हलविण्याचा अधिकारही एकाच व्यक्तीकडे असावा. आणि त्याने व्यासपीठावरील कोणाच्या भाषणाची वाट पाहू नये. ढग का आले, कार्यक्रम का बदलला, हे ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगत राहावे; कारण ज्यास कारण कळते तो गोंधळ करीत नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे परतणाऱ्यांसाठी एसटीच्या जादा गाड्या वेळा वाटून सोडाव्यात.

आणि वाचकांनाही दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आकाश काळवंडले असता घराबाहेर न पडणे किंवा अर्ध्यातून उठून येणे यात कमीपणा नाही. खांद्यावरच्या लेकराला विमान दिसले नाही तर ते घटकाभर रडेल. पुढच्या वर्षी ते पुन्हा पाहता येईल. ढग पाहून परत फिरणाऱ्या वैमानिकाच्या धैर्याला ज्या दिवशी आपण टाळ्या वाजवू, आणि गर्दी पाहून प्रवेशद्वार बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला शिव्या देणार नाही, त्या दिवशी या प्रदर्शनांचा खरा धडा आपण शिकलो असे म्हणता येईल. चेन्नईहून पाच माणसे घरी परतली नाहीत. त्यांना आकाशाने मारले नाही; जमिनीवरच्या बेपर्वाईने मारले. पुढचे प्रदर्शन भरण्यापूर्वी हे वाक्य ज्यांनी वाचावयास हवे, ते वाचतील अशी आशा आम्ही बाळगून आहोत.