सूर्य फुकट, तार नव्हे

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला मावसभावाकडे गेलो होतो. जेवणे आटोपताच तो मोठ्या कौतुकाने गच्चीवर घेऊन गेला. तीन किलोवॅटचा सौर संच नुकताच बसवला होता. "बिल किती आलं, सांग बघू?" असे विचारून उत्तरही त्यानेच दिले. माझे लक्ष मात्र पॅनेलखालच्या तारेकडे गेले. घरात पंख्याला वापरतो तसलीच साधी वायर, तापलेल्या स्लॅबवर सैल पडलेली. मध्येच एक जोड, त्यावर काळी चिकटपट्टी आणि तीही उन्हाने सुटून लोंबत होती.

"अरे, हे काय?"

"बसवणारा म्हणाला, चालतं."

या 'चालतं'चीच मला धास्ती वाटते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' योजना आणली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. चांगलीच गोष्ट आहे. पण घरमालक पॅनेलची कंपनी विचारतो, अनुदान कधी जमा होणार ते विचारतो. तार कोणती, हे विचारत नाही.

गच्चीवरची वीज घरातल्या विजेसारखी नसते. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी मिळते. पॅनेलमधला प्रवाह एकाच दिशेने, अखंड वाहतो. सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की दाब तीनशे व्होल्टच्या आसपास जातो. अशा ठिकाणी जोड सैल असेल तर ठिणगीची ज्योत होते आणि ती जळतच राहते.

फ्यूज आहे ना, असे कोणी म्हणेल. घरात शॉर्टसर्किट झाले की प्रवाह कैक पटींनी वाढतो, म्हणून फ्यूज उडतो. पॅनेलचा नेहमीचा प्रवाह तेरा अँपिअर असेल, तर शॉर्टसर्किटचा चौदाच्या आसपास. फ्यूजला कळावे कसे? शिवाय मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून आलेल्या तारेत दाब असतोच. सूर्याला बटण नाही.

म्हणून इथे सारी भिस्त तारेवर आणि जोडावर. या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस १७२९३. त्यातली तार तांब्याची, कथिलाचा मुलामा दिलेली, ऊन-पाऊस सोसणाऱ्या दुहेरी आवरणाची असते. घरगुती पीव्हीसी वायर सत्तर अंश तापमानापर्यंतची. ही नव्वद अंशांची. जाडी ठरवताना शॉर्टसर्किट प्रवाहाची सव्वापट धरायची आणि गच्चीवरच्या उष्णतेसाठी आणखी सूट ठेवायची. कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या हव्यात. तार पाइपातून न्यावी, स्लॅबवर लोळवू नये. चिकटपट्टीला तर गच्चीवर जागाच नाही.

वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हा नियम १९५६ पासून आहे. २०२३ च्या नव्या विनियमांतही तो कायम आहे. पण नियम कागदावर राहतो आणि पोरगा पक्कड घेऊन गच्चीवर चढतो. दोष एकट्या त्या पोराचा नाही. सगळ्यांत स्वस्त दर देणाऱ्याला काम देणारे आपणच असतो. दर पाडला की काटछाट होते, आणि ती जिथे दिसत नाही तिथेच होते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: तारेचे मानक आणि जाडी, ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक आणि अर्थिंगच्या चाचणीचा आकडा. तारेवरचे छापील अक्षर स्वतः वाचा. सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतोच की!

मावसभावाने पुढच्याच आठवड्यात तार बदलून घेतली. मजुरीसकट खर्च एका पॅनेलच्या किमतीइतकाही झाला नाही. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची आहे. त्याच्या नातवंडांचे खेळणे, वहिनीचे पापड वाळवणे, सारे त्याच गच्चीवर व्हायचे आहे. तेवढी वर्षे निर्धास्त काढायची, तर खालची तारही तितकीच टिकायला हवी.