अनियतकालिकांवर निबंध पुरे, आता अनियतकालिक काढा

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात लघुनियतकालिकांची चळवळ हा प्रश्न आता हमखास येणारा ठरला आहे. स्वरूप सांगा, वैशिष्ट्ये सांगा, मर्यादा सांगा. विद्यार्थी 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू' ही नावे ओळीने लिहितो, प्रस्थापितविरोध हा शब्द तीन वेळा योजतो आणि गुण पदरात पाडून घेतो. यांपैकी एकही अंक त्याने हातात धरलेला नसतो. पुष्कळदा शिकवणाऱ्यानेही धरलेला नसतो. ज्या चळवळीचा मूळ आग्रह 'छापत नाहीत ना, मग आपणच काढू' हा होता, तिच्यावर शोधनिबंध वाचणाऱ्या आपल्या मराठी विभागांतून स्वतःची अशी किती अनियतकालिके निघाली, हा प्रश्न मात्र चर्चासत्रात कोणी विचारत नाही. आम्ही तो विचारू इच्छितो, आणि विशेषेकरून बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना विचारू इच्छितो.

हा इतिहास साहित्यिक बंडखोरीचा म्हणून शिकवला जातो. तो तितकाच साधनांचाही इतिहास आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र 'शब्द' काढत होते ते सायक्लोस्टाइलवर. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे 'असो' आले. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली, तेव्हा ढाल्यांच्या हाती 'येरू' होते. होळीची गोष्ट सर्वांना पाठ असते. पण स्टेन्सिल कापणे, शाईने हात बरबटून घेणे, घड्या घालणे, टाचणे आणि अंक स्वतः नेऊन देणे या कामांची आठवण आपण काढत नाही. लेखकाला संपादकाच्या दारातून मोकळे करणारी गोष्ट हे श्रम होते. विद्यार्थ्यांना आपण घोषणा शिकवल्या आणि श्रम शिकवायचे राहिले.

हे सारे मुंबईचे, आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. 'वाचा' तेव्हाच्या औरंगाबादेतून निघाले. त्यामागे भालचंद्र नेमाडे होते. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श'ही तेथूनच चालवले आणि दलित लेखकांच्या पिढ्यांना हक्काचे पान दिले. त्याही आधी, १९१० पासून, मुकुंदराव पाटील यांनी शेजारच्या नगर जिल्ह्यात सोमठाण्याहून आणि पुढे तरवडीहून 'दीनमित्र' हे सत्यशोधकी पत्र खेड्यात बसून चालवले. आणि अंबाजोगाई तर आपलीच. सोळाव्या-सतराव्या शतकात तेथे दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय कापडाच्या लांबलचक पासोडीवर मजकूर आणि आकृत्या मांडून लिहिला. हाताशी कापड होते तर कापडावर लिहिले. ज्या गावात ती पासोडी जपली गेली त्या गावच्या विद्यार्थ्याने साधने नाहीत म्हणावे, हे शोभत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण सर्वांत बळकट तोच आहे: अशा अंकात लिहून उपयोग काय? ज्याला क्रमांक नाही, जो यादीत नाही, त्यात छापलेला लेख बढतीच्या अर्जात धरला जात नाही. या हिशेबापायी गेल्या काही वर्षांत लेखनापेक्षा छापल्याचे प्रमाणपत्र महत्त्वाचे झाले आणि पैसे भरून लेख छापून देणारी नियतकालिके फोफावली. त्यांना आवर घालण्यासाठी अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद केल्याचे जाहीर केले. यादी आली, गेली. तिच्यासाठी घाईघाईने लिहिलेले निबंध कोणी वाचले? शंभर प्रतींच्या अंकाला निदान शंभर वाचक असतात, आणि ते कोण आहेत हे लेखकाला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सारे लिहिणे आता पडद्यावर होते, मग कागद कशाला? पडद्यावर लिहावे, आम्हीही लिहितो. पण तेथे कालचा मजकूर आज शोधून सापडत नाही, आणि काय पुढे ठेवायचे हे आपण ठरवत नाही, कंपनी ठरवते. कागदाचा अंक घरातल्या चार जणांच्या हातून फिरतो, चार्जिंग मागत नाही आणि दहा वर्षांनी पेटीत सापडतो.

तिसरा आक्षेप दर्जाचा. कच्चे लेखन छापले जाईल, अशी भीती घातली जाते. छापले जाईलच. कच्चे लेखन छापून, वाचून, त्यावर भांडूनच पक्के होते. महाविद्यालयाचे वार्षिक अंक प्राचार्यांचे मनोगत, पाहुण्यांची छायाचित्रे आणि सुविचार यांनी भरतात, तेव्हा दर्जाची ही काळजी कोठे असते?

बीडच्या संदर्भात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली गावेच्या गावे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. या माणसांवर अहवाल झाले, वृत्तमालिका झाल्या, कादंबऱ्या झाल्या. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. मात्र या सर्व लेखनात त्या घरातला माणूस माहिती देणारा म्हणून येतो, लिहिणारा म्हणून क्वचित. त्या घरांतली मुले-मुली आज आपल्या वर्गात बसतात. उचल, फड, खेप, मोळी, वाढे, कोपी या शब्दांचे अर्थ त्यांना कोणत्याही कोशाहून नेमके सांगता येतात. एखाद्या मुलीने आपल्या आईच्या एका दिवसाची नोंद दोन पानांत केली, तर ती कोणत्या संशोधनपत्रिकेत जाईल? तिच्यासाठी पान आपणच तयार केले पाहिजे.

ते तयार करणे अवघड नाही. चार ए-फोर कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानांचा अंक होतो. आधी कोऱ्या कागदांची डमी करून पानांवर आकडे घालावेत. मग सर्वांत बाहेरच्या कागदावर एकीकडे सोळा आणि एक, तर पाठीमागे दोन आणि पंधरा ही पाने का येतात, ते आपोआप कळते. मजकूर हाताने लिहावा किंवा टंकित करावा; चित्रे काळ्या शाईने काढावीत, कारण झेरॉक्समध्ये पेन्सिल फिकी पडते. कडेला बोटभर समास सोडावा. घडीवर दोन पिना, नाहीतर सुई-दोरा. झेरॉक्स पानाला दोन रुपये धरली तरी आठ बाजूंचे सोळा रुपये होतात. शंभर प्रतींना सोळाशे. एका चर्चासत्राच्या चहापाण्यात असे कितीतरी अंक निघतील. पहिला अंक टोळ्या निघण्यापूर्वी हाती पडावा, म्हणजे तो ट्रॅक्टरमधून फडावर जाईल. दुसरा त्या परतल्यावर, तिकडून आलेल्या लेखनाचा. बातम्या व भाष्य छापून तो ठरावीक काळाने काढत राहायचे असेल, तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीचे पाहावे लागेल.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुकादमाविषयी किंवा घरच्या कर्जाविषयी लिहिणाऱ्या मुलामुलींना टोपणनावाचा हक्क असावा. अंक गावात पोचतो आणि परिणाम त्यांना भोगावे लागतात. दुसरे, प्रत्येक अंकाच्या पाच प्रती बाजूला काढून महाविद्यालयाच्या व गावच्या ग्रंथालयात द्याव्यात. जुन्या चळवळीने हे केले नाही. तिचे कितीतरी अंक आज संग्राहकांच्या कपाटांखेरीज कोठे मिळत नाहीत, आणि त्यांत लिहिणाऱ्या स्त्रिया तर मोजक्याच होत्या. त्या दोन्ही उणिवा भरून काढण्याची संधी आपल्याला आहे.

प्राध्यापक मित्रांना आमची विनंती एवढीच आहे: यंदा लघुनियतकालिकांवरचा स्वाध्याय देऊ नका. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाकडून सोळा पानांचा एक अंक घ्या, आणि त्यात एक लेख तुम्हीही लिहा. तो विद्यार्थ्यांच्या संपादक मंडळाकडे रीतसर पाठवा. त्यांनी परत केला, तर चळवळ सुरू झाली असे समजावे.