दहा बाय बारा आणि एक टन थापा

‘रूम केवढी?’

‘दहा बाय बारा.’

‘एक टन, सर. डोळे झाकून घ्या.’

डोळे झाकूनच घेतला. तक्रार करण्याचा निम्मा अधिकार मी तिथंच घालवला. उरलेला निम्मा इथं वापरतो.

मी पुण्यात भाड्यानं राहतो. चौथा मजला, वर थेट गच्ची. घरमालक काका तसे देवमाणूस, पण भिंतीला भोक म्हटलं की त्यांना मागचा भाडेकरू आठवतो. स्प्लिट नको, कारण भिंत. विंडो नको, कारण ग्रिल कापावी लागते. राहिला चाकांचा पोर्टेबल एसी. हे पोर्टेबल प्रकरण तीस किलोचं असतं आणि त्याची चाकं उंबरठा दिसला की मान टाकतात, हे दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

दहा बाय बारा हा सतरंजीचा हिशेब झाला. सतरंजी जमिनीवर पसरायची असते. उकाडा येतो डोक्यावरून. एप्रिलमध्ये माझ्या खोलीचा स्लॅब सकाळपासून ऊन पीत बसतो आणि रात्री नऊला, मी जेवून आडवा झालो की, ते सगळं खाली ओकायला लागतो. पश्चिमेची भिंत त्याची सख्खी बहीण. याच इमारतीत पहिल्या मजल्यावर माझ्या खोलीखालीच, इंचन् इंच तेवढीच खोली आहे. तिथले आजोबा मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली घोरतात. दुकानदाराच्या लेखी आम्ही दोघं एकच गिऱ्हाईक: एकशेवीस चौरस फूट, एक टन. कितवा मजला, वर काय आहे, खिडकी कुठल्या दिशेला, झोपायला माणसं किती, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. नुसता बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडत असतो.

बरं, टन म्हणजे काय? मी विचारलं. ‘कपॅसिटी, सर.’ कशाची? ‘थंडाव्याची.’ पुढे चहा आला.

टन आहे बर्फाचा. यंत्रं येण्याआधी थंडावा म्हणजे बर्फच होता, त्या काळातलं हे अमेरिकी माप. 2000 पौंड, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला 12,000 बीटीयू, विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. मापात खोट नाही. खोट आहे ती, हे माप एका पाइपच्या पोर्टेबलच्या खोक्यावर छापून ते स्प्लिटच्या एका टनाच्या मांडीला मांडी लावून बसवण्यात.

स्प्लिटचा गरम भाग घराबाहेर टांगलेला असतो. तो बाहेरचीच हवा घेतो, बाहेरच फेकतो. एका पाइपचा पोर्टेबल अख्खाच्या अख्खा खोलीत बसतो. आपलं तापलेलं पोट थंड करायला तो खोलीतलीच हवा ओढतो आणि पाइपातून बाहेर फुंकतो. म्हणजे वीज जाळून गार केलेल्या हवेतलीच काही रोज खिडकीबाहेर दान. आता जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. ती दाराखालच्या फटीतून येते, बाथरूमच्या जाळीतून येते, खिडकीच्या रुळांतून येते, आणि चाळीस अंशांची येते. अशी यंत्रं मिनिटाला दीड-दोनशे घनफूट हवा सहज बाहेर टाकतात. माझ्या खोलीत हवा आहे जेमतेम साडेअकराशे घनफूट. दहा मिनिटांच्या आत अख्खी खोली रिकामी होऊन बाहेरच्या उकाड्यानं पुन्हा भरते, आणि मी हप्ते भरतो.

पटत नसेल तर देवघरातली उदबत्ती घ्या. एसी चालू करा, दार लावा आणि उदबत्ती दाराच्या फटीशी धरा. धूर आरतीसारखा वर जात नाही, आडवा होऊन खोलीत पळतो. मी हे केलं तेव्हा धुराच्या मागोमाग शेजारच्या काकू तळत असलेल्या बोंबलांचा वासही आला. एक टन बोंबील.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं 2016 मध्ये या यंत्रांसाठी मोजणीची वेगळी पद्धत ठरवली. आत घुसणारी गरम हवा आणि तापलेल्या पाइपची धग त्यात वजा होते. तिकडे जुन्या मापानं 14,000 बीटीयू मिरवणारं यंत्र या नव्या मापात बऱ्याचदा आठ ते दहा हजारांवर येतं. म्हणजे सव्वा टनाच्या नाकदुऱ्या काढून घरी आणला आणि निघाला पाऊण टन. मी आणलेल्या खोक्यावर असा दुसरा आकडा नव्हता. एक टन, ठळक अक्षरांत, शेजारी बर्फाच्या डोंगराचं चित्र.

मग मोठा घ्यावा? दुकानदार आनंदानं हो म्हणेल. पण एकाच पाइपचा मोठा एसी हवाही जास्त बाहेर फेकतो, म्हणजे उकाडाही जास्त आत ओढतो. दोन पाइपवाला मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तो एका पाइपानं बाहेरची हवा घेतो, दुसऱ्यानं सोडतो आणि खोलीतल्या गारव्याला फारसा हात लावत नाही. मुंबई-पणजीकडे एका पाइपवाल्याची आणखी तऱ्हा: फटीतून येणारी हवा दमट, तिच्यातलं पाणी पिळण्यातच यंत्राची बरीच ताकद जाते आणि ऐन झोपेत टाकी भरली म्हणून ते बंद पडतं. नागपूरकरांनी या भानगडीत का पडावं, हे मला समजलेलं नाही. कोरडा मे, पंचेचाळीस अंश, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरात आहे. त्यात पाणी घालायचं सोडून लोक पाइप घेऊन खिडक्या मोजत फिरतात.

खिडकीवरून आठवलं. सोबत आलेली प्लास्टिकची पट्टी कुठल्या देशातल्या खिडकीसाठी बनवली होती, देव जाणे. माझी खिडकी तीन रुळांची, सरकती, पाच फुटी, मध्ये डासांची जाळी, बाहेर ग्रिल. पट्टी अडीच फुटांवर संपली. उरलेल्या जागेत थर्माकोल, जुनी उशी आणि सहा रुपयांची नव्हे, सहा रोल चिकटपट्टी. पाइप दुकानदारानं दाखवला होता तसा ऐटीत वळवून ठेवला, तर तोच खोलीत शेगडीसारखा तापला. शेवटी आखूड केला, सरळ केला, भोवती जुनी गोधडी गुंडाळली. दाराखाली रबराची पट्टी लावली. काकांची परवानगी काढून गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. या चुन्यानं जो फरक पडला तो एसीनं महिनाभरात पाडला नव्हता, आणि चुन्याला कुणी स्टार रेटिंग देत नाही.

तरी माझ्या खोलीला एसी कमीच पडायचा. एका पाइपच्या एक टनाचा हिशेब मी आता अर्धा ते पाऊण टन असा धरतो. खालच्या मजल्यावरची, सावलीतली, आठ बाय दहाची खोली असेल तर तो निभावून नेईल. स्लॅबखालच्या दहा बाय बाराला दीड टनाचा स्प्लिट लागतो, आणि स्प्लिटला भोक लागतं, आणि भोकाला काका लागतात.

गेल्या आठवड्यात एसी विकायला काढला. एका मुलाचा फोन आला. ‘काका, किती फुटाला पुरतो?’

‘तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे का?’

‘हो. पण त्याचा काय संबंध?’

त्याला म्हटलं, ये, चहा घेऊ. येताना उदबत्तीचा पुडा आण.