मैदान कोणाच्या मालकीचें?

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

डोंबिवलीजवळच्या एका गांवांत मी मुलें शिकवितों. भातकापणी झाली कीं पोरें खाचरांत विटीदांडू मांडीत. आतां तेथें इमारती उठल्या, आणि पोरें रिक्षांच्या मधून चेंडूमागें धांवतात. शहाणे विचारतात, "कुणब्याच्या पोराला मैदान कशाला?" त्यांनीं मुंबईच्या कांपाच्या मैदानाची हकीकत ऐकावी.

कोटावरील तोफांसमोर आडोसा नको म्हणून मोकळी ठेवलेली ती एक अखंड जागा. एतद्देशीय पोरें तेथें क्रिकेट खेळत. १८७५ सालीं गोऱ्यांनीं तेथेंच बॉम्बे जिमखाना काढला; आपल्या लोकांस आंत मज्जाव! त्यांच्या पोलोच्या घोड्यांनीं पोरांच्या खेळपट्ट्या तुडविल्या. अर्ज झाले, ओरड झाली. पुढें सरकारनें समुद्रकांठीं जागा दिल्या, पण कशा? पारशांचा जिमखाना वेगळा, मुसलमानांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा. मूळ मैदानाचेही आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज असे तुकडे पडले.

आणि हिंदूंच्या घरांत तरी समता होती काय? बाळू पळवणकर हा चांभाराचा मुलगा पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यांत महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखी. साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्याचा गुण उघडकीस आला. मग हिंदूंच्या क्लबाला त्याचे बळी हवेसे झाले. चहा मात्र त्यानें बाहेर, मातीच्या भांड्यांत घ्यावा! १९०६ सालीं बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर हिंदूंनीं गोऱ्यांस हरविलें, त्या संघांत बाळू होता. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर बळी घेतले. तरी संघाचें कर्णधारपद त्याला दिलें नाहीं. १९२३ सालीं तें त्याच्या धाकट्या भावास, विठ्ठलास मिळालें.

बंधूंनो, बाळूच्या हातांत मैदानाचा रोलर नसता, तर त्याच्या बोटांतील विद्या कोणास कळली असती? पोथीची विद्या आपल्यापासून दडवितां आली. मैदानावरची दडवितां येत नाहीं. म्हणूनच त्याला कुंपण घालतात. काल तें जातीचें होतें, आज तासाच्या भाड्याचें आहे.

कायदा जाणून घ्या. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणें, मैदानासाठीं राखलेली खाजगी जागा दहा वर्षांत संपादन झाली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. त्यानंतरची मुदतही सरकारी कचेरीनें झोपेंत घालविली, तर आरक्षण संपतें. तुमच्याच शेतावर आरक्षण पडलें तर राग येणें रास्त आहे. मोबदला पुरा वसूल करा. पण बिल्डराच्या सांगण्यावरून मैदानच बुडवूं नका. त्या जागेवर तुमचाच नातू खेळणार होता.

नगररचना कचेरींत जा. आराखडा उघडून आपल्या गांवाच्या मैदानावर बोट ठेवा, आणि त्याचीं दहा वर्षें कधीं भरतात तें लिहून आणा. वाचतां येत नसेल तर शाळेंतलें पोर बरोबर न्या. ज्याचें मैदान आहे, त्यानेंच तें वाचून दाखवावें!

— एक खेडवळ शिक्षक