तबेल्याचे शेण नदीत कशासाठी?

बोरिवली, दहिसर, गोरेगाव आणि पवईच्या नागरिकहो,

दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून खाली येते तोवर नदीच असते. वस्तीत शिरली की तिचा नाला होतो. सांडपाणी, प्लास्टिक, कारखाने, सगळेच तिला नासवतात. हे पत्रक मात्र तबेल्यांच्या शेणापुरते आहे, कारण ते उद्यापासून थांबवता येण्याजोगे आहे. धारा काढून झाल्या की म्हशींच्या पायांखालचे शेण फावड्याने उचलायचे, त्याऐवजी त्यावर रबरी नळीने पाणी मारले जाते. शेण, मूत आणि गव्हाणीतली उष्टी वैरण यांचा हिरवट काला गटारातून नदीत जातो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, त्यातले नत्र आणि स्फुरद जलपर्णीला पोसतात आणि गाळ तळाशी बसून पात्र उथळ करतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या पात्रांची किंमत आपण मोजली आहे.

एक म्हैस दिवसाला किमान 15 किलो शेण टाकते. शंभर म्हशींचा तबेला म्हणजे रोज दीड टन. 1949 मध्ये वसलेल्या आरे वसाहतीची योजनाच सुमारे 16,000 जनावरांची होती, म्हणजे रोजचे 240 टन. साधारण 25 किलो शेणापासून एक घनमीटर गोबरगॅस मिळतो. या हिशेबाने शंभर म्हशींच्या शेणात रोज जवळजवळ दोन घरगुती सिलिंडरांइतके इंधन आहे, आणि गॅस काढल्यावर उरलेली स्लरी उत्तम खत असते. हे धन पाण्यात लोटणे निव्वळ नासाडी आहे.

तबेलेवाले म्हणतात, नदीत महानगराचे सांडपाणी याहून कितीतरी अधिक जाते. खरे आहे. पण सांडपाण्यासाठी मैलोन्‌मैल वाहिन्या आणि केंद्रे उभारावी लागतात. शेणासाठी फावडे, कोरडा खड्डा आणि गोबरगॅस संयंत्र पुरते. दुसऱ्याच्या पापाने आपले धुतले जात नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. दहा-वीस म्हशींवर घर चालवणाऱ्याला संयंत्र परवडणार नाही; तिथे सामायिक संयंत्र आणि शेण उचलणारी गाडी महापालिकेनेच दिली पाहिजे. तिसरे म्हणणे असे की तबेले शहराबाहेर हलवा. 1976 च्या राज्याच्या कायद्यापासून ही चर्चा चालू आहे. पण धुण्याची पद्धत तीच राहिली तर तबेल्याबरोबर घाण, ते जिथे न्यायचे म्हणतात त्या दापचरीच्या ओढ्यात जाईल, एवढेच. शेतात ओतले म्हणजे सुटलो, असेही नाही. पिकाला पेलवेल त्याहून जास्त शेणखताचे नत्र झिरपून विहिरींत उतरते. म्हणूनच युरोपीय संघाने 1991 च्या निर्देशात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा घातली.

जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 पासून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. नियम कमी नाहीत, अंमल नाही. तुमच्या दूधवाल्याला विचारा, शेण कुठे जाते? ते संयंत्रात जात असेल तर लिटरमागे रुपया जास्त मोजा. आणि विभाग कार्यालयाकडे लेखी मागणी करा: पावसाळ्याआधी नदीकाठच्या प्रत्येक तबेल्याची गटारजोडणी तपासा, नदीत उघडणारे प्रत्येक तोंड बंद करा.